अहवालातली मुलगी

पनवेलमधल्या एका ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्या एका विद्यार्थिनीने माझ्या हाती दिला. वर्षभरात किती निराधार स्त्रियांना आसरा दिला, किती मुलींची फी भरली, किती जणींना शिवणकाम शिकवले, याचा हिशेब त्यात आहे. मुलगी वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी घरातली. संस्थेच्या मदतीनेच कॉलेजपर्यंत पोचलेली. एक फोटो दाखवून ती म्हणाली, "सर, ही मी. पण खाली लिहिलंय ते माझं नाही." खाली छापले होते : 'अंधारातून प्रकाशाकडे'.

अहवाल हाही साहित्याचाच एक प्रकार आहे. त्याला निवेदक असतो, नायक असतो आणि देणगीदार नावाचा वाचक असतो. म्हणून त्याचीही समीक्षा झाली पाहिजे.

या प्रकाराला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले ते अमेरिकेतल्या देणग्यांवर. त्या देणग्या मिळवून देणाऱ्या १८८७च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा विषय उच्चवर्णीय हिंदू स्त्री हा होता. सदनात विधवांना आपापले जातिनियम पाळण्याची मुभा होती. तरीही धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठले आणि १८९३ साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळाने रमाबाईंना मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींपर्यंत नेले आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या सुमारास तिथे जवळजवळ २००० जीव होते. शेती, विणकाम, छापखाना, सारे बायकांच्या हाती. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही याच हातांनी छापले.

हे काम लहान नव्हे. मिशनऱ्यांवर आजही दात खाणाऱ्यांनी सांगावे, त्या दुष्काळात त्यांच्या किती वाड्यांचे दरवाजे या मुलींसाठी उघडले? पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. या कहाणीत रमाबाईंचे नाव उरले, मनोरमाबाईंचे उरले. खिळे जुळवणाऱ्या मुली इतिहासात आकडा होऊन राहिल्या.

याच्या उलट एक उदाहरण ख्रिस्ती छापखान्यातूनच मिळते. १८५५ साली 'ज्ञानोदय'ने मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. ज्योतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मुलगी. तिने दया मागितली नाही. आपल्या लोकांचे हाल कोणी केले ते तिने सांगितले आणि आमचा धर्म कोणता, असा सवाल केला. संपादक मिशनचे होते, पण वाक्य तिचे होते.

पनवेलच्या अहवालात नेमके हेच नाही. त्यात 'गरजू' हा शब्द पानोपानी येतो. गरज काय आभाळातून पडते? भट्टीमालकाची उचल, गेलेली जमीन, जात, यांतले काहीच अहवालात नाही. कारण सांगितले की दोषी सांगावा लागतो. आणि दोषी कदाचित देणगीदारांच्या ओळखीचा निघतो. कायद्यानेही हेच केले आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती झालेल्या दलिताची जात मात्र कागदावरून पुसली, गावकुसाबाहेरचे घर तिथेच राहिले. संस्थेची 'गरजू मुलगी' आणि कायद्याचा 'ख्रिस्ती', दोघांचेही कूळ असे अर्धेच लिहिलेले.

बोट फक्त मिशनकडे दाखवून आपण सुटणार नाही. मी शिकलो त्या वसतिगृहाच्या अहवालात मीही 'होतकरू मागासवर्गीय विद्यार्थी' होतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती, तिथे ती छापील ओळ माझ्या आईने वर्षानुवर्षे ट्रंकेत जपली. ती ओळ माझ्याबद्दल होती, माझी नव्हती, हे कळायला मला प्राध्यापक व्हावे लागले. या मुलीला ते विसाव्या वर्षी कळले आहे.

भाकरीचे ऋण मानावेच. पण भाकरी देणाऱ्याला आपली गोष्टही देऊन टाकावी, असा करार कोणी केलेला नाही. मी त्या मुलीला कोरे कागद दिले आणि म्हटले, फोटोखालची ओळ तू लिही. तिने पहिला शब्द लिहिला तो भट्टीमालकाच्या नावाचा. पुढच्या वर्षीच्या अहवालात ते पान छापले जाईल काय, यावरून मी त्या संस्थेची सेवा मोजणार आहे.