निरक्षरतेचें कौतुक

बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेविषयीं लिहितांना आपले टीकाकार एक गोष्ट हटकून सांगतात: ही बाई निरक्षर होती, तरीही तिच्या मुखांतून असें काव्य बाहेर पडलें. हें कौतुक मनापासूनचें आहे यांत शंका नाहीं. परंतु ‘तरीही’ म्हणतां म्हणतां आपण नकळत ‘म्हणूनच’ म्हणूं लागतों, आणि निरक्षरता हाच जणू प्रतिभेचा अलंकार ठरतो. यास आमचा आक्षेप आहे.

घरांत व शेतांत राबतां राबतां या शेतकरी स्त्रीनें रचलेलीं गाणीं सोपानदेवांसारख्या साक्षर पुत्रानें व आप्तांनीं टिपून ठेविलीं. तिच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं प्रसिद्ध झालीं. जीं टिपलीं गेलीं नाहींत, तीं तिच्याबरोबरच गेलीं. ही हानि निरक्षरतेनेंच केली.

शिक्षणानें हा रस आटला असता काय? लक्ष्मीबाई टिळक विवाहानंतर लिहावयास शिकल्या, आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त घरगुती बोलीचा गोडवा तिळभर कमी झालेला नाहीं.

प्रश्न केवळ काव्याचा नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळच्या कृषि-संशोधन केंद्रांत स्थानिक वाणांतून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही रब्बीची ज्वारी सर्वत्र मान्यता पावली. जमिनींत मुरलेल्या ओलीवर ती येते. माणसांस भाकरी व गुरांस कडबा देते. संशोधकांचें श्रेय निर्विवाद आहे. पण आपल्या खेड्यांतून कणसें निवडून बीं राखण्याचें काम बहुधा बायकांचेंच असे, आणि त्यांचें नांव कोठेंच नाहीं. गाणें काय, बीं काय, कागदावर आलें तें टिकलें. आणि कागद मात्र दुसऱ्याच्या हातीं राहिला.

तिसरा कागद सातबाराचा. १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी संघटनेच्या अधिवेशनास लक्षावधि स्त्रिया जमल्या. पुढें ‘लक्ष्मीमुक्ती’च्या चळवळींत अनेक शेतकऱ्यांनीं पत्नीच्या नांवें जमीन केली. १९९४ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरीही भाऊ दुखावूं नये म्हणून हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी आजहि आहेत. पाऊस लहरी झाला, अवकाळी गारपिटीनें उभें पीक झोडपलें, कीं नुकसानभरपाई सातबारावरील नांव पाहूनच येते. राबणाऱ्या हातांस ती विचारीत नाहीं.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनकार्यांतून वाढलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनें मराठवाड्यांत घरच्या जमिनीपैकीं एखादा एकर स्त्रीच्या विचारानें पिकविण्याची प्रथा पाडली. थोड्या पाण्यावरचीं धान्यें, कडधान्यें व भाज्या तेथें एकत्र घेतल्या जातात. एक पीक बुडालें तरी दुसरें हातीं लागतें. उपक्रम स्तुत्य खरा. पण पिकविण्याची मुभा म्हणजे मालकी नव्हे, हें विसरतां कामा नये.

आमचे वाचक कन्यांस शिकवितात, बहिणाबाईंचीं गाणींहि आवडीनें म्हणतात. त्यांच्यापैकीं कित्येकांची गांवीं वडिलोपार्जित जमीन असेल. तिच्या उताऱ्यावर बहिणीचें नांव आहे कीं नाहीं, हें त्यांनीं एकदां काढून पाहावें.