'मिसेस डॅलोवे'मधील स्मृती : 'संज्ञाप्रवाह' या संज्ञेच्या मर्यादा

आधुनिकतावादी कादंबरीतील अंतर्विश्वाचा विचार आपल्याकडे बहुधा 'संज्ञाप्रवाह' या एकाच संज्ञेच्या आधारे केला जातो. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मानसशास्त्रात मांडलेली ही कल्पना मे सिंक्लेअर यांनी १९१८ मध्ये डोरोथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांच्या चर्चेत आणली. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीची चर्चाही याच संज्ञेभोवती फिरते. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे'ला (१९२५) मात्र ती पुरेशी पडत नाही. प्रवाह म्हटला की सलगता गृहीत धरली जाते. वुल्फ यांनी १९२३ च्या दैनंदिनीत स्वतःच्या पद्धतीसाठी योजलेली प्रतिमा वेगळी आहे : पात्रांच्या मागे गुहा खोदायच्या आणि वर्तमान क्षणी त्या परस्परांना जोडायच्या.

या कादंबरीतील निवेदन तृतीयपुरुषी आहे. 'युलिसिस'च्या (१९२२) अखेरीस येणाऱ्या, जवळजवळ विरामचिन्हविरहित अशा मॉली ब्लूमच्या स्वगताशी तिची गल्लत वर्गाध्यापनात सर्रास होते. ती टाळावयास हवी. येथे निवेदक हटलेला नाही, म्हणूनच तो एका मनातून दुसऱ्या मनात सहज शिरू शकतो.

दोन स्मृतिरूपांचा भेद याच रचनेमुळे स्पष्ट होतो. जूनमधील त्या सकाळी फुले आणावयास निघालेल्या क्लॅरिसाला बिजागरीच्या किंचित कुरकुरीसरशी बोर्टन येथील अठराव्या वर्षीची सकाळ आठवते. तिला भूतकाळात जाता येते आणि परतताही येते. महायुद्धातून आलेल्या सेप्टिमसची स्थिती उलट आहे. युद्धविरामाच्या किंचित आधी इटलीत इव्हान्स मारला गेला, तेव्हा आपल्याला फारसे काही वाटले नाही याचे सेप्टिमसला समाधान वाटले होते. न अनुभवलेला तो शोक आता त्याच्या वर्तमानावर चालून येतो. रीजंट्स पार्कमध्ये करड्या कपड्यांतील पीटर वॉल्श समोरून येतो, तर सेप्टिमसला तो मृत इव्हान्स वाटतो. एकच माणूस, क्लॅरिसाच्या लेखी तो जुना प्रियकर, सेप्टिमसच्या लेखी प्रेत. सर विल्यम ब्रॅडशॉ यांचे वैद्यक 'प्रमाणबद्धते'च्या नावाखाली हा भेद पुसू पाहते, म्हणूनच ते क्रूर ठरते.

सेप्टिमस हा क्लॅरिसाचा प्रतिरूप आहे, असे वुल्फ यांनी १९२८ च्या प्रस्तावनेत नमूद केले. समीक्षेने ते बहुधा निमूटपणे स्वीकारले. तथापि मेजवानीत त्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून क्लॅरिसाला जे जगण्याचे भान येते, ते एका परक्या माणसाच्या मरणावर उभे आहे, ही अस्वस्थता नाकारता येत नाही. माझ्या मते लेखिकेलाही ती नाकारायची नसावी. सेप्टिमसची पत्नी रेझिया मेजवानीत कोठेही नाही. डॉ. होम्स यांनी दिलेले गोड औषध पिताना तिला भासते की आपण लांबट खिडक्या उघडून कुठल्याशा बागेत पाऊल टाकीत आहोत. बोर्टनला अठरा वर्षांच्या क्लॅरिसाने उघडलेल्या खिडक्यांचीच ही प्रतिमा आहे. आणि या दोन स्त्रियांची कादंबरीत एकदाही भेट होत नाही.