पंख्याचा आवाज आणि पस्तीस अंशांची अट

घरगुती व्हिडिओ गेमच्या यंत्राबद्दल, म्हणजे ज्याला आता सगळेच कन्सोल म्हणतात त्याबद्दल, एक तक्रार नेहमी कानावर येते. तक्रार असते आवाजाची. खेळातल्या गोळीबाराच्या नव्हे, तर यंत्राच्या पोटातल्या पंख्याच्या. आम्ही राहतो त्या वारजे परिसरात परीक्षा संपल्या की एप्रिल-मेच्या दुपारी ही घरघर अनेक घरांतून ऐकू येते. मुले टीव्हीचा आवाज वाढवतात, मोठी माणसे वैतागतात आणि शेवटी निकाल दिला जातो, 'पंखा बिघडला, बदलून आणा.'

आमच्या मते या खटल्यात आरोपी चुकीचा धरला आहे. पंखा बहुतेक वेळा आपले काम चोख करीत असतो. दोष असलाच तर यंत्राची रचना करताना कोणती खोली गृहीत धरली यात आहे, आणि काही अंशी ते आपण घरात कोठे ठेवतो यात आहे. कन्सोलची परीक्षणे पुष्कळ लिहिली जातात, पण ती बहुधा चित्राच्या स्पष्टतेची आणि खेळांच्या यादीची असतात. येथे आम्ही या यंत्रांचे परीक्षण उष्णता आणि ध्वनी या दोनच अंगांनी करणार आहोत. शाळेत हे दोन्ही विषय वेगवेगळ्या धड्यांत शिकवले जातात. या एका डब्यात ते एकत्र नांदतात.

प्रथम उष्णतेचा हिशोब पाहू. १९९० च्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले, कॅसेट खोचून चालणारे 'टीव्ही गेम' अनेकांना आठवत असतील. त्यांत पंखा नव्हता, कारण त्यांना लागणारी वीज अगदी थोडी होती; निर्माण होणारी उष्णता डब्याच्या पृष्ठभागावरूनच निघून जाई. सोनी कंपनीच्या १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनमध्येही पंखा नव्हता. २००० च्या प्लेस्टेशन २ मध्ये तो आला, आणि त्यानंतर तो गेला नाही. आजचे मोठे कन्सोल भारी खेळ चालू असताना २०० वॅटच्या आसपास वीज घेतात. ही वीज जाते कोठे? चित्र आणि आवाज टीव्हीकडे जातात, पण त्या संकेतांत ऊर्जा नगण्य असते. जवळजवळ सर्व २०० वॅट उष्णता होऊन खोलीत येतात. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे कन्सोल सुरू करणे हे उष्णतेच्या दृष्टीने दोन पाहुणे घरात येऊन बसण्यासारखे आहे. फरक इतकाच की या पाहुण्यांची बहुतेक उष्णता नखाएवढ्या आकाराच्या एका चिपमधून बाहेर पडते.

ती तेथून हलवायची तर हवा हवी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात येथील एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण १०७० ज्यूल उष्णता लागते. यंत्रातून जाताना हवा १५ अंशांनी तापू द्यायची असे ठरवले, तर एक घनमीटर हवा सुमारे १६,००० ज्यूल घेऊन जाईल. दर सेकंदाला २०० ज्यूल हलवायचे, म्हणून दर सेकंदाला सुमारे १२.५ लिटर हवा आत खेचून बाहेर फेकली पाहिजे. अंघोळीच्या बादलीत मावेल जवळजवळ इतकी हवा, दर सेकंदाला, एका पातळ डब्यातून! हवा हे उष्णतेचे किती दुबळे वाहन आहे हे यावरून कळते. तितक्याच आकारमानाचे पाणी साडेतीन हजारांहून अधिक पट उष्णता वाहू शकते. वारज्यापासून काही किलोमीटरवर पाषाणला असलेल्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक २०१९ मध्ये बसवला गेला. त्याच्या रचनेत पाण्याला थेट चिपपर्यंत आणले आहे ते याच कारणासाठी. घरच्या यंत्रात ही चैन परवडत नाही. तेथे पंखाच हवा.

आता आवाजाकडे वळू. एकाच घडणीचे, फक्त लहानमोठे असे पंखे घेतले तर ते हलवतात ती हवा फेऱ्यांच्या वेगाच्या आणि व्यासाच्या घनाच्या सम प्रमाणात असते. आवाज मात्र वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. वेग दुप्पट केला की ध्वनिपातळी सुमारे १५ डेसिबलने वाढते. १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. याच नियमांनी हिशोब केला तर पंख्याचा व्यास दीडपट करून तेवढीच हवा हलवायला वेग तिपटीहून अधिक कमी करता येतो, आणि आवाज सुमारे १४ डेसिबलने उतरतो. छताचा पंखा दिवसभर डोक्यावर फिरत असूनही आपल्याला खुपत नाही, आणि स्वयंपाकघरातला छोटा एक्झॉस्ट पंखा लावला की बोलणे ऐकू येत नाही, यामागे हेच गणित आहे. शिवाय लहान पंखा वेगाने फिरतो तेव्हा त्याचा सूर चढतो. समजा २३ पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेऱ्या घेतो. सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणून ११५० हर्ट्झचा सूर उमटेल. छताच्या पंख्याच्या घुमण्यापेक्षा असा चढा सूर कानाला अधिक टोचतो.

मग प्रत्येक कन्सोलला मोठा पंखा का लावत नाहीत? कारण मोठा पंखा सावकाश फिरवला की त्याचा दाबही पडतो. वरच्या उदाहरणात तो सुमारे एक पंचमांश होतो. इतक्या कमी दाबाने हवा जावी म्हणून आतले मार्ग रुंद हवेत आणि हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पातळ पत्र्यांचा जुडगा, ऐसपैस हवा. थोडक्यात, शांतता हवी असेल तर डबा मोठा हवा. येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. अनेक वर्षे या यंत्रांचा आकार टीव्हीखालच्या फळीवर आणि जाहिरातीत शोभावा अशा बेताने ठरत गेला, आणि उष्णतेला उरलेल्या जागेत बसवले गेले.

याची सर्वात मोठी किंमत मायक्रोसॉफ्टने मोजली. २००५ मध्ये निघालेल्या आणि सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये इतके बिघाड होऊ लागले, की पुढच्या दर्शनी भागावरचे तीन लाल दिवे जगभर कुप्रसिद्ध झाले. जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षे केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. कंपनीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीपटात तिच्या अभियंत्यांनी कारण सांगितले ते असे, की यंत्र वारंवार तापून निवण्याने घटकांच्या आतील सूक्ष्म जोड तुटत होते. वेगवेगळे पदार्थ तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, हा आठवी-नववीचा धडा. तो धडा एवढ्या मोठ्या कंपनीलाही एवढा महाग पडला.

दुसरे उदाहरण सोनीचे. २०१३ चा प्लेस्टेशन ४ केवळ ५३ मिलिमीटर जाडीचा होता, आणि वीजपुरवठ्याचा भागही त्यातच कोंबलेला होता. देखणेपणाबद्दल त्याची वाहवा झाली, आणि पंख्याच्या घरघरीबद्दल जगभर कुरकुरही झाली. २०२० चा प्लेस्टेशन ५ (भारतात २ फेब्रुवारी २०२१ पासून) मात्र १०४ मिलिमीटर जाड आणि ३९० मिलिमीटर उंच निघाला. त्याच्या अवाढव्यपणाची पुष्कळ थट्टा झाली. आम्ही या थट्टेत सामील होणार नाही. त्यात १२० मिलिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा आहे, भला मोठा हीट सिंक आहे, आणि चिप व हीट सिंक यांच्यामध्ये उष्णता चांगली वाहणारा द्रवरूप धातू आहे. त्याच वर्षीच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्येही एकच १३० मिलिमीटरचा पंखा माथ्यावर बसवला आहे. या दोन्ही यंत्रांचा आकार उष्णतेने ठरवला आहे, आणि अशा यंत्रात तो तसाच ठरला पाहिजे. सिरीज एक्स उभे असल्यामुळे 'गरम हवा वर जाते म्हणून ते थंड राहते' असे मात्र कोणी समजू नये. ३० सेंटिमीटर उंचीच्या, २० अंशांनी अधिक गरम हवेच्या स्तंभाने मिळणारा दाब जेमतेम ०.२ पास्कल असतो. पंखा याच्या कितीतरी पट दाब निर्माण करतो. श्रेय पंख्याला आणि मोकळ्या मार्गाला आहे, उभे राहण्याला नाही.

आता मुख्य आक्षेप. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक ओळ असते: वापरण्याचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सियस. पुण्यात एप्रिलमधले सरासरी कमाल तापमानच ३८ अंशांच्या आसपास असते, आणि पारा चाळीस ओलांडतो असे दिवस दर उन्हाळ्यात येतात. वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब तापलेल्या खोलीत दुपारी काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. म्हणजे मुलांना सुट्टी असते, नेमक्या त्याच आठवड्यांत हे यंत्र आपल्या अटीबाहेर चालवले जाते. अट छापली आहे हे खरे. पण जे यंत्र विदर्भापासून कोकणापर्यंत विकायचे, त्याला ही अट पुरेशी आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तीन-चार अंशांनी असा काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. उदाहरणादाखल चिप ८५ अंशांवर राखायची आहे असे धरू. खोली २२ अंशांवर असेल तर उष्णता ढकलायला ६३ अंशांचा फरक मिळतो. खोली ३८ अंशांवर असेल तर ४७ अंशांचाच. तेवढीच उष्णता काढायची तर शीतकरण एक तृतीयांशाने अधिक परिणामकारक हवे. वेग वाढवला की शीतकरण त्याच प्रमाणात वाढते असे सर्वात अनुकूल गृहीत धरले, तरी आवाज ६ डेसिबलने चढतो. प्रत्यक्षात वाढ याहून अधिक असते, कारण वेग वाढवून मिळणारा फायदा उत्तरोत्तर कमी होतो. म्हणून 'या यंत्राचा आवाज अमुक डेसिबल' असे एखाद्या परीक्षणात वाचले आणि त्यासोबत खोलीचे तापमान व मोजण्याचे अंतर दिलेले नसले, तर तो आकडा निरर्थक समजावा. थंड देशातल्या दिवाणखान्यात शांत ठरलेले यंत्र वारज्यात गोंगाट करते, यात चमत्कार काही नाही.

आपल्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. टीव्हीच्या युनिटला कप्पे असतात, त्यांना काचेचे दार असते, आणि किमती वस्तू म्हणून कन्सोल त्या दाराआड ठेवला जातो. तेथे पंखा आपणच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढतो. खोली ३२ अंशांवर असली तरी यंत्राच्या दृष्टीने कप्पा हीच खोली, आणि ती पाहता पाहता ३५ ओलांडते. दुसरी गोष्ट धुळीची. बाह्यवळण महामार्ग आणि सतत चालणारी बांधकामे यांमुळे आमच्याकडे धूळ अमाप आहे. ती पत्र्यांच्या फटींत बसली की हवेची वाट अडते आणि पंखा आणखी पळतो. प्लेस्टेशन ५ मध्ये धूळ जमावी अशा खास जागा केल्या आहेत, आणि बाजूची पाटी हाताने काढून व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढून घेता येते. ही सोय आम्हाला त्याच्या सर्व करामतींपेक्षा मोलाची वाटते. मात्र त्यापुढे जाऊन यंत्र उघडू नये, कारण तो द्रवरूप धातू विजेचाही सुवाहक आहे. टेबल-पंख्याचा झोत यंत्रावर सोडण्याने कप्प्यातला प्रश्न सुटत नाही. यंत्र कप्प्याबाहेर काढण्याने बहुधा सुटतो.

शिक्षकांना याचा वर्गात चांगला उपयोग करता येईल. कन्सोल नसला तरी चालेल. शाळेतला प्रोजेक्टर किंवा संगणक याच नियमांनी चालतो. यंत्र मोकळ्या टेबलावर, मग तीन बाजूंनी झाकलेल्या कप्प्यात ठेवून प्रत्येक वेळी अर्धा तास तेच काम चालू ठेवावे. हवा आत जाते तेथे तापमापी धरावी, आणि ठरलेल्या अंतरावरून मोबाइलमधल्या ध्वनिमापकाने दर पाच मिनिटांनी नोंद घ्यावी. असा मापक प्रमाणित नसतो, म्हणून त्याचा आकडा खरा मानू नये. दोन नोंदींमधला फरक मात्र उपयोगी पडतो. तापमान आणि आवाज यांचा आलेख काढला, की विद्यार्थ्यांना आवाजातून उष्णता 'वाचता' येऊ लागेल.

कन्सोल बनवणाऱ्यांकडे आमच्या मागण्या तीनच आहेत. आवाजाचे आकडे २५ आणि ४० अंश अशा दोन्ही तापमानांना द्यावेत. धूळ काढण्याची सोय प्रत्येक यंत्रात, हमी न मोडता करता यावी. आणि वापराच्या तापमानाची मर्यादा येथल्या उन्हाळ्याकडे पाहून ठरवावी, मग डबा चार बोटे जाड झाला तरी हरकत नाही. तोपर्यंत पंखा ओरडू लागला की पंख्याला दोष देण्याआधी यंत्राच्या तोंडाशी तापमापी धरून पाहावी. ती पस्तीसच्या वर असेल तर पंखा खरेच सांगतो आहे.