ब्रेक कोणाचा आणि काम कोणाचं?

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ 2011 साली आला, तेव्हा माझ्या पिढीतले बहुतेक जण शाळेत होते. आज तेच लोक पुण्या-बंगळुरूत लॅपटॉप उघडून बसतात आणि अप्रेझल झालं की ग्रुपवर मेसेज पडतो: सोडू यार सगळं, अंदमानला जाऊ, स्कुबा शिकू, सहा महिने बेटावर राहू. या स्वप्नाची स्क्रिप्ट बऱ्याच अंशी झोया अख्तरच्या या सिनेमानं लिहिली, असं माझं मत आहे. म्हणून तो पुन्हा एकदा, थोड्या संशयानं बघायला हवा.

सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट म्हणजे अर्जुनची भीती. लंडनमधला हा ब्रोकर चाळिशीपर्यंत पैसा कमवून मग जगायला सुरुवात करणार आहे, आणि त्याला पाण्याची भीती वाटते. स्पेनच्या कोस्टा ब्रावा किनाऱ्यावर तो पाण्याखाली जातो, वर येतो तेव्हा त्याचे डोळे भरून आलेले असतात. हृतिक रोशननं हा प्रसंग फार संयमानं केलाय. इथे सिनेमा भाषण देत नाही, आणि म्हणूनच तो पटतो.

पण त्या प्रसंगात अर्जुनसोबत आणखी एक माणूस आहे. लैला. ती डायव्हिंग इन्स्ट्रक्टर आहे, म्हणजे अर्जुनची सुट्टी ही तिची ड्यूटी आहे. सिनेमा तिला गुरू करतो, प्रेयसी करतो, पण कामगार म्हणून तिच्याकडे फारसं बघत नाही. तिचा पगार किती, रोज नव्या घाबरलेल्या गिऱ्हाइकाला तेच सांगून तिला कंटाळा येतो का, हे प्रश्न त्याला पडत नाहीत.

ज्यांनी मालवण-तारकर्लीला स्कुबा केलंय त्यांना हे लगेच कळेल. तिथे पोहता न येणाराही पाण्याखाली जाऊ शकतो, कारण एक पोरगा पूर्ण वेळ त्याला धरून असतो. फोटोत मासे दिसतात, आपण दिसतो; तो हात बहुतेक वेळा फ्रेमच्या बाहेर राहतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही डायव्हिंग बंद, आणि डायव्हिंगवरची त्याची कमाईही बंद. सक्तीच्या त्या सुट्टीला आपण ‘करिअर ब्रेक’ म्हणत नाही.

आमच्या बुलढाण्यात समुद्र नाही. पोहणं शिकायचं तर गावाकडच्या विहिरीत, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून, आणि तेही विहिरीला पाणी असेल त्या वर्षी. इंजिनियर झालेल्या पोराच्या पगारावर घराचा हप्ता, बहिणीची फी, बोअरचा खर्च असं सगळं टेकलेलं असतं. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आणि पुढच्या इंटरव्ह्यूत विचारला जाणारा ‘गॅप का?’ हा प्रश्न, दोन्हींची आम्हाला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटते. सिनेमातल्या तिघांच्या भीती मनातल्या आहेत, उडी मारली की सुटतात. आमची भीती पासबुकात आहे. एका डाइव्हनं ती जात नाही.

मग साहसाला आपल्याकडे जागाच नाही का? याचं जास्त प्रामाणिक उत्तर मला एका वेगळ्या पुस्तकात सापडलं: कमांडर दिलीप दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ऑगस्ट 2009 मध्ये ते मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन असे चार थांबे घेत मे 2010 मध्ये परतले.

यातही उष्ण कटिबंधातलं एक बेट आहे. गोव्यात मांडवीतलं दिवाडी, जिथे आजही जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं जातात. पण दोंदे तिथे स्वतःला शोधायला गेले नव्हते. तिथल्या रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात त्यांची ‘म्हादेई’ ही 56 फुटी बोट तयार होत होती. 2006 मध्ये त्यांनी या मोहिमेसाठी नाव दिलं. निघेपर्यंत तीन वर्षं गेली. बांधणी, परवानग्या, सराव. सिनेमानं हेच सगळं कापून टाकलं असतं. पुस्तकात मात्र साहस म्हणजे मुख्यतः तयारी आहे, आणि ती करणाऱ्या माणसांना त्यात नावं आहेत.

अर्थात दोंदे नौदलात होते. पगार चालू होता, मागे एक अख्खी संस्था उभी होती. ते राजीनामा टाकून निघाले नव्हते. म्हणून हे पुस्तकही आपल्याला रजेचा अर्ज लिहून देत नाही. पण एक गोष्ट ते स्वच्छ दाखवतं: साहस हा कामापासून पळण्याचा रस्ता असतोच असं नाही, ते स्वतःच एक काम असू शकतं.

सिनेमा पुन्हा बघाच, तो अजूनही छान आहे. फक्त डाइव्हच्या प्रसंगात नजर अर्जुनवरून थोडी बाजूला न्या. आणि उद्या खरंच बेटावर जायची संधी मिळाली, तर तुम्हाला धरून असलेल्या त्या पोराचं नाव विचारा. पावसाळ्यात तो काय करतो, तेही.