पाद्रीगुरूचा श्रोता : ‘ख्रिस्तपुराणा’तील प्रश्नांचे स्थान

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख मराठी समीक्षेत होतो, तो बहुधा एकाच कारणासाठी. पहिल्या अवस्वरात आलेली मराठीची स्तुती पाठ्यपुस्तकांतून आणि भाषाविषयक व्याख्यानांतून इतक्या वेळा उद्धृत झाली आहे, की जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा उर्वरित ग्रंथ त्या मोजक्या ओव्यांची पुरवणी वाटावा. एका परकीयाने आपल्या भाषेला दिलेली पावती म्हणून त्या ओव्यांचे कौतुक झाले आणि त्या कौतुकात ग्रंथाच्या रचनेचा विचार मागे पडला. हा ग्रंथ एका प्रश्नातून जन्म घेतो व पुढेही अनेक प्रश्नांनी अडवला जातो. त्यातील निवेदक इगर्जीतला पाद्री आहे, आणि त्याच्यासमोर शंका विचारणारा श्रोतृसमुदाय बसलेला आहे. हा श्रोता कोण, त्याला काय विचारण्याची मुभा आहे आणि त्याच्या विचारण्याने ग्रंथाचे काय होते, याचा शोध घेतल्याखेरीज ‘ख्रिस्तपुराणा’चे वाङ्मयीन स्वरूप स्पष्ट होत नाही.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा बहुतेक काळ त्यांनी सासष्टीत धर्मसेवेत घालवला. ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ या साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. आधुनिक वाचकाला ते मिळाले जोसेफ साल्ढाणा यांच्या १९०७ च्या मंगळूर आवृत्तीमुळे, आणि देवनागरीत शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे. ग्रंथाचे दोन भाग आहेत : ३६ अवस्वरांच्या पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, तर ५९ अवस्वरांच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र येते.

ग्रंथारंभीची चौकट लक्षणीय आहे. सासष्टीतील एका इगर्जीत आयतवारी सायंकाळच्या प्रार्थनेच्या सुमारास मुलांना दौत्रिन, म्हणजे धर्मतत्त्वे, शिकवली जात असताना एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूला प्रश्न करतो. त्याचे म्हणणे असे, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी तसेच दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या विनंतीला उत्तर म्हणून पाद्रीगुरू कथा सांगू लागतो.

या प्रश्नाचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी स्टीफन्स यांच्याच दुसऱ्या ग्रंथाशी तुलना करावी लागते. त्यांची कोंकणीतील ‘दौत्रिन क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली छापली गेली. तीही प्रश्नोत्तररूपच आहे. परंतु धर्मशिक्षणाच्या अशा पुस्तकात प्रश्न आणि उत्तर ही दोन्ही एकाच मुखातून आलेली असतात व दोन्ही पाठ करावयाची असतात. तेथे प्रश्नाला आपले उत्तर आधीच ठाऊक असते, आणि विचारणाऱ्याला वय, जात, गाव, भूतकाळ यांपैकी काहीही नसते. पुराणातील श्रोत्याला हे सर्व आहे. मुलांच्या पाठांतरात एक प्रौढ माणूस मध्येच बोलतो, आणि त्याची मागणी पाठांतराने भागणारी नसते. धर्मतत्त्व त्याने ऐकलेले आहे, पण त्याला कथा हवी आहे. सण, सुतक, संध्याकाळ आणि म्हातारपण ज्या शब्दांच्या सोबतीने घालवायचे, ते शब्द त्याच्याकडून काढून घेतले गेले आहेत. हे दुःख सिद्धान्ताच्या कक्षेत येत नाही, म्हणूनच सिद्धान्ताने त्याचे निरसन होऊ शकत नाही.

येथे पाद्रीगुरूची खरी कसोटी लागते, आणि ती वाङ्मयीन आहे. बंदी योग्यच होती असा युक्तिवाद करून त्याला श्रोत्याला गप्प करता आले असते. त्याऐवजी तो प्रकार बदलतो : दौत्रिनीकडून पुराणाकडे, सूत्राकडून ओवीकडे वळतो. ओवीबरोबर त्या छंदाची सर्व संस्कृतीही आत येते. वक्ता-श्रोत्यांचा संवाद, आरंभीचे नमन, विस्ताराची मोकळीक आणि ऐकणाऱ्याच्या कंटाळ्याची काळजी या गोष्टी एकनाथी भागवताशी परिचित असलेल्या कानांना नव्या नव्हत्या. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणताना स्टीफन्स शब्दाबरोबर त्याचे पडसादही स्वीकारतात. दुसरीकडे ‘स्पिरितु सांतु’सारखी नावे ते अनुवादाविना ठेवतात. काय रूपांतरित करायचे आणि काय परकेच राहू द्यायचे, या निवडीच्या मुळाशीही तो पहिला श्रोता आहे.

दुसरे उदाहरण काना येथील लग्नाचे. पाण्याचा द्राक्षारस होण्याचा हा चमत्कार युरोपीय श्रोत्यांना आनंदाचा वाटे. सासष्टीत मात्र तो अडचणीचा ठरतो. मद्य निंद्य मानणाऱ्या समाजात तारणाऱ्याने मद्य निर्माण करावे हे कसे, अशी शंका निघते, आणि द्राक्षाचा रस व इतर मद्ये यांत भेद करून पाद्रीगुरू तिचे समाधान करतो. या शंकेत सिद्धान्ताचा भाग अल्पच आहे. ती विचारणारा माणूस इगर्जीतून घरी परतल्यावर शेजाऱ्यांच्या, सोयऱ्यांच्या नजरेला तोंड देणार आहे. धर्मांतरानंतरही ज्या आचारकल्पनांवर त्याची प्रतिष्ठा उभी आहे, त्या त्याने टाकलेल्या नाहीत. पाद्रीगुरूला हे उमगलेले दिसते. म्हणून तो त्या कल्पनांवर हल्ला न करता त्यांच्या आतच जागा शोधतो. उत्तर पटो वा न पटो, एक गावच्या गाव त्या शंकेतून काव्यात शिरलेले असते.

तथापि या संवादाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादेकडे डोळेझाक करता येणार नाही. प्रश्नकर्ता हा अखेर पाद्रीचीच निर्मिती आहे. तो विचारतो, ऐकतो आणि संतुष्ट होतो. उत्तर पुरेसे नाही असे म्हणून उठून जाणारा श्रोता या इगर्जीत नाही. अशा समाधानी श्रोत्याची परंपरा आपल्याकडील पुराणांतही आहे. परीक्षिताला शुकाशी वाद घालायचा नसतो. परंतु परीक्षिताची पोथी कोणी जप्त केलेली नव्हती. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते. १५६७ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदूंच्या धर्मग्रंथांविरुद्ध निर्बंध घातले आणि त्याच वर्षी सासष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइटांची हत्या झाली आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. या पार्श्वभूमीवर श्रोत्याची नम्रता वाचावी लागते. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, त्याच्या ‘होय’चे मोल किती, हा प्रश्न काव्याबाहेरून आलेला नाही, काव्यानेच तो आपल्या चौकटीत नोंदवला आहे.

‘ख्रिस्तपुराणा’चे मोठेपण या नोंदीतच शोधावे लागेल. स्टीफन्स यांना बंदीचा उल्लेख टाळता आला असता. एटिएन द ला क्रुआ यांचे १६२९ पासून छापले गेलेले संत पीटरवरील मराठी पुराण हिंदू दैवतकथांचे उघड खंडन करते. तेथे विरोधकाचे मत येते ते खोडण्यासाठी. स्टीफन्स यांच्या श्रोत्याची मागणी मात्र खोडली जात नाही, ती पुरवली जाते, आणि पुरवली जाताना तिचे कारणही जपले जाते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथसंग्रहात रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या आढळतात. धर्मप्रसारकांना ज्या कथा लोकांच्या हाती नको होत्या, त्याच त्यांनी स्वतःच्या अभ्यासासाठी राखल्या. या विसंगतीसमोर पाद्रीगुरूला विचारलेला तो पहिला प्रश्न अधिकच बोलका होतो.

संवादरूप म्हणजे आपोआप अनेकस्वरता, असे बाख्तिनच्या आधारे सरसकट म्हणण्याचा मोह अलीकडे होतो. ‘ख्रिस्तपुराण’ त्या मोहाला आवर घालते. येथे उत्तरांचा स्वर एकच आहे आणि सत्ता त्याच्या बाजूची आहे. पण प्रश्नांना स्वतःचा इतिहास आहे, आणि उत्तर कितीही विस्तारले तरी तो इतिहास पुसला जात नाही. भाषास्तुतीच्या ओव्या कवीचे मराठीवरील प्रेम सांगतात. श्रोत्याचा प्रश्न ते प्रेम कोणत्या हानीच्या शेजारी उभे होते ते सांगतो. पाठ्यपुस्तकांनी आजवर पहिल्याच गोष्टीची निवड केली. दोन्ही एकाच अवस्वरात आहेत आणि एकत्रच वाचायला हव्यात.