भुताला कोणती भाषा येते?

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपली. पुढे तिची आणखी दोन पर्वं आली आणि अण्णा व शेवंता ही नावं घरोघरी पोचली. मला बोलायचं आहे ते पहिल्या पर्वाबद्दल, त्यातही सुरुवातीच्या भागांबद्दल. ही गूढ आणि भयाची मालिका म्हणून ओळखली जाते. मी तिला विनोदी भयमालिका मानतो, आणि तिचं खरं यश तिच्या भाषेत आहे असं माझं म्हणणं आहे. हे मी कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातून लिहितो आहे. आमचं घर तंजावरी मराठी बोलणारं आणि आजूबाजूचं सगळं जग तमिळ. इथून ही मालिका पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते, ती अशी की तिच्यातली भीती घरच्याच भाषेत बोलते. आमच्याकडच्या गाजलेल्या भूतकथांमध्ये तसं होत नाही.

मालिकेची मांडणी साधी आहे. सिंधुदुर्गातल्या नाईकांच्या वाड्यात घरचा कर्ता पुरुष, अण्णा, मरतो. विखुरलेली मुलं, सुना, नातवंडं वाड्यावर जमतात. आकेरीचा तो वाडा, अंधारं माजघर, मागची विहीर, झाडांची सळसळ, हे सगळं भयकथेच्या नेहमीच्या सामानातलंच. पण त्या अंधारात पांडू वावरतो. घरातला हा गडी अर्धवट हसतो, नको तेव्हा नको तिथे उगवतो, आणि काही विचारलं की ‘इसारलंय’ म्हणून मोकळा होतो. प्रेक्षक आधी दचकतो आणि लगेच हसतो. मग त्याच्या लक्षात येतं की पांडू जे विसरलो म्हणतो आहे तेच नेमकं आपल्याला कळायला हवं होतं. हसू थांबतं आणि भीती परत येते. भीती आणि हसू यांच्यात मालिकेने पात्रांची वाटणी केलेली नाही, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून येतात. प्रल्हाद कुडतरकर हे पांडू साकारणारे नट मालिकेच्या लेखनातही होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्याला ती बोली लिहिता येते तोच ती बोलतो, म्हणून पांडूचा शब्द कधी उसना वाटत नाही.

ही जोडणी टीव्हीने शोधलेली नाही. दशावताराच्या पूर्वरंगात येणारा संकासुर वेद चोरणारा राक्षस असतो. काळा पोशाख करून तो रंगणात येतो, लहान मुलं घाबरून आईला बिलगतात, आणि तोच संकासुर मालवणीत अशा कोपरखळ्या मारतो की मोठी माणसं पोट धरून हसतात. पांडू त्याच्याच वंशातला आहे. मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर मालवणीने बस्तान बसवलं ते मात्र निव्वळ हशाच्या बळावर. गंगाराम गवाणकर लिखित आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेलं ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं, त्याचे हजारो प्रयोग झाले, आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला मालवणी ऐकली की हसायची सवय लागली. ‘रात्रीस खेळ चाले’ने ही सवय वापरली आणि मोडलीही. प्रेक्षक हसायच्या तयारीने ऐकू लागतो आणि त्याच बोलीत त्याला घरातल्या जमिनीचे वाद, दाबून ठेवलेली पापं आणि मेलेल्या माणसाचा धाक ऐकू येतो. त्या बोलीत माणसं फक्त गमतीदार नसतात, ती मत्सर करतात, खोटं बोलतात, शोक करतात, हे चाळीसेक वर्षांनंतर टीव्हीवर रोज रात्री दिसू लागलं.

मालिका सुरू होताच सिंधुदुर्गातून विरोध झाला. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, असे आक्षेप होते. अंधश्रद्धेचा आक्षेप मी हलका मानत नाही. पण बदनामीच्या आक्षेपामागे आणखी एक दुखणं असावं असं मला वाटतं. आपली बोली इतरांच्या दिवाणखान्यात जाते ती एकतर विदूषक म्हणून नाहीतर भूत म्हणून. मग आमचं साधं बोलणं कोण ऐकणार? हा प्रश्न मला इथे, कावेरीच्या काठावर, फार जवळचा वाटतो.

आता आमच्याकडच्या भुताकडे वळतो. १९९३ साली फाजिल यांचा ‘मणिचित्रताळ’ हा मल्याळम चित्रपट आला. पटकथा मधू मुट्टम यांची. केरळातल्या एका जुन्या वाड्यात एक बंद खोली आहे आणि तिच्यात नागवल्ली नावाच्या नर्तकीचा आत्मा कोंडलेला आहे अशी समजूत आहे. ही नागवल्ली तंजावरची. वाड्याच्या कारणवराने तिला तिथून आणलं, तिचं प्रेम दुसऱ्यावर होतं, आणि तिचा खून झाला. वाड्यात राहायला आलेली गंगा त्या कथेत इतकी बुडते की नागवल्ली तिच्या तोंडून बोलू लागते. पलंगाचा तो प्रसंग दक्षिणेत लहान पोरांनाही पाठ आहे. नवरा ‘जाऊ नकोस’ म्हणतो, गंगाचा आवाज बदलतो, ती एका हाताने पलंग उचलते आणि मल्याळम सोडून तमिळ बोलू लागते. आणि हाच चित्रपट इनोसंट, पप्पू, नेडुमुडी वेणू यांच्या प्रसंगांनी अर्धा वेळ हसवतो. टीव्हीवर तो इतक्या वेळा लागला आहे की आता त्याला चित्रपट म्हणण्यापेक्षा घरचा सण म्हणावं.

त्याची रूपांतरं बघितली तर एक नियम दिसतो. मल्याळम चित्रपटातलं भूत तमिळ बोलतं. २००४च्या कन्नड ‘आप्तमित्र’मध्ये आणि २००५च्या तमिळ ‘चंद्रमुखी’मध्ये ते तेलुगू होतं. हे दोन्ही चित्रपट पी. वासू यांचे. २००७च्या हिंदी ‘भूलभुलैया’त मंजुलिका बंगाली आहे. कथा हलली की भूत नव्या घराच्या शेजारची भाषा शिकतं. तमिळ प्रेक्षकासाठी बनवताना नागवल्लीला तंजावरची ठेवता येईना, कारण तिथे तंजावर घरचंच. घरच्या भाषेतलं भूत पुरेसं परकं ठरत नाही. विनोद मात्र प्रत्येक रूपांतरात घरच्याच भाषेत राहतो. हसणारे ते आपण आणि घाबरवणारी ती पलीकडची, अशी सरळ वाटणी.

गंगाच्या आवाजाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. गंगाचं मल्याळम बोलणं भाग्यलक्ष्मी यांच्या आवाजात आहे, नागवल्लीचं तमिळ बोलणं दुर्गा या तमिळ आवाज-कलावतीचं. शोभना यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण ज्या आवाजाने सगळं केरळ दचकलं तो कोणाचा, हे दिग्दर्शकाने जाहीरपणे सांगितलं ते दोन दशकं उलटल्यावर. परक्या भाषेचा परिणाम हवा होता, तिची माणसं श्रेयनामावलीत आली नाहीत तरी चाललं.

मला याचा राग येत नाही. तो चित्रपट मी अजूनही आवडीने पाहतो. पण तंजावरहून केरळात गेलेली वाट नुसती भुताची नव्हती, हे सांगायला हवं. सरफोजींच्या मराठा दरबारात ज्यांची कला फुलली त्या तंजावर बंधूंपैकी वडिवेलु त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांच्या दरबारी गेले. पुढे १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले. नृत्य, संगीत, कारभार, हिशेब, सगळं या वाटेने गेलं. लोकप्रिय कथेने त्यातून उचललं ते एक खून झालेलं, सूड मागणारं बाईमाणूस.

या पार्श्वभूमीवर मी ‘रात्रीस खेळ चाले’ पाहतो तेव्हा तिचं वेगळेपण मला मोलाचं वाटतं. नाईकांच्या वाड्यातलं जे काही अघटित आहे ते बाहेरून आलेलं नाही. कोणी परप्रांतीय नर्तकी नाही, कोणी परधर्मीय शाप नाही. धाक आहे तो अण्णांचा, म्हणजे बापाचाच, आणि त्याची भाषा घरच्या सगळ्यांची भाषा आहे. तिथे भुताचं बोलणं समजावून द्यायला दुभाषा लागत नाही. म्हणून भीती संपवायला त्याला हाकलून देण्याची सोयही नाही. ‘मणिचित्रताळ’मध्ये डॉक्टर सनी युक्तीने नागवल्लीचा सूड पुरा करतो, ती जाते, गंगा बरी होते आणि घर पुन्हा एकभाषी होतं. नाईकांच्या घराला असा शेवट मिळणं शक्य नाही. जे छळतं आहे ते त्यांच्या बोलण्यातच आहे.

मालिकेचा कमकुवतपणाही इथेच आहे. शंका घेणारी, कारणं शोधणारी, विज्ञानाची बाजू मांडणारी नीलिमा ही शहरातून आलेली सून, आणि तिची मराठी प्रमाण. विवेक पुस्तकी भाषेत आणि भ्रम बोलीत, अशी वाटणी नकळत होऊन बसते. मालवणीत तर्क चालत नाही का? ज्या बोलीत कोर्टकज्जे, कुळकायद्याची भांडणं आणि भजनाच्या बारीतले सवालजवाब पिढ्यान्‌पिढ्या चालले तिच्यात शंका नक्कीच घेता येते. एखाद्या भागात पांडूने किंवा माईंनी मालवणीतच ‘ह्या खोटा आसा’ म्हणून बिनतोड पुरावा मांडला असता, तर मालिका तिच्या स्वतःच्या वाटेवर आणखी पुढे गेली असती. शेजारणीच्या तोंडी भूत घालण्याचा मोह तिने टाळला. घरच्या बोलीला शहाणपण नाकारण्याचा मोह तिला पुरता टाळता आला नाही.

आमच्या घरी मालिका लागली की शेजारच्या अक्का कधीकधी येऊन बसत. त्यांना कथा कळायची, भाषा नाही. एकदा त्यांनी विचारलं, ही तुमचीच भाषा ना? मी हो म्हणालो. मग तुम्ही हसताना मध्येच थांबता का? आम्ही थांबायचो कारण काही शब्द आम्हांलाही उलगडायला वेळ लागायचा. आमची मराठी एकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात इथे आली आणि इथलीच झाली. तमिळ शब्द मराठी प्रत्यय लावून तिच्यात सुखाने राहतात. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ती ऐकून आधी हसतात आणि मग जरा गंभीर होतात, जुन्या कागदातला कोणी बोलू लागल्यासारखे. हसू आणि दचकणं, याच क्रमाने. तमिळ शेजाऱ्यांना आम्ही ‘रायर’, आणि मराठी पाहुण्यांना जुन्या काळाची उरलेली आठवण. दोन्हीकडे आम्ही जिवंत आहोत एवढं सांगण्यात बराच वेळ जातो. म्हणून बोली भुताच्या तोंडी घातली की मी कान टवकारतो. कोणाची बोली आहे आणि तिला त्याच कथेत आणखी काय बोलू दिलं आहे, हे दोन प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारतो.

याच भागात वेगळा दाखला होऊन गेला आहे. तंजावरचे शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. त्यांच्या नावावर ‘पंचभाषा विलास’ नावाचं नाटक आहे. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एका रंगमंचावर येतात, आणि वेगवेगळ्या प्रांतांच्या नायिका आपापल्या भाषेत बोलतात. प्रत्येकीचं म्हणणं आहे, प्रत्येकीला लग्न करायचं आहे. परकी भाषा तिथे नवरी होऊन घरात येते. तो दरबारी थाट होता, सर्वसामान्यांचं जग तितकं उदार होतं असा दावा मी करत नाही. पण प्रेक्षकाला पाच भाषा झेपतील यावर त्या नाटककाराचा विश्वास होता, आणि आजच्या विनोदी भयकथेकडे नेमका तोच कमी आहे. तिला दोनच भाषा ठाऊक असतात, एक आपली आणि एक अंगात आलेली.

‘रात्रीस खेळ चाले’ पाच भाषांपर्यंत जात नाही, तशी तिची प्रतिज्ञाही नव्हती. तिने एकाच मराठीच्या आतलं अंतर दाखवलं आणि त्या अंतरात भीती व हसू दोन्ही उभे केले. नागवल्लीच्या पुढच्या रूपांतराला, मग ते कुठल्याही भाषेत होवो, मी हेच मागणं करीन. तिला घाबरवू द्या, पण एकदा तरी त्याच परक्या भाषेत घरातल्या कोणाला विनोद करू द्या, आणि आम्हांला त्या विनोदावर हसू द्या.