वैमानिक प्रशिक्षणातील सिम्युलेटर : खर्च व लाभ यांचे चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना : रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. पेण व रोहा येथील विद्यार्थ्यांना वैमानिकाचा व्यवसाय आता जवळचा वाटू लागल्यास नवल नाही. या प्रशिक्षणातील सिम्युलेटरचे समर्थन मात्र बहुधा इंधनबचतीच्या आधारे केले जाते. हा हिशेब खरा असला तरी अपुरा आहे.

लाभ : सिम्युलेटरमुळे इंधन वाचते आणि प्रवासी विमान सरावासाठी अडकून पडत नाही. त्याहून मोठा लाभ म्हणजे जीव न गमावता चूक करण्याची मुभा. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीत सहारा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान सराव उड्डाणात कोसळले. एक इंजिन बंद पडल्याच्या प्रसंगाचा सराव चालू असताना शिकाऊ वैमानिकाने चुकीच्या बाजूचा रडर दाबला होता. या अपघातात ९ जणांचा मृत्यू झाला. हीच चूक सिम्युलेटरमध्ये घडली असती, तर प्रशिक्षकाने यंत्र थांबवून तोच प्रसंग पुन्हा करवून घेतला असता.

खर्च : यंत्राच्या मूळ किमतीत देखभाल, नियतकालिक तपासणी व अनुभवी प्रशिक्षकांचे वेतन यांची भर पडते. विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा भार अनेकदा उमेदवाराच्या कुटुंबावरच येतो. शिवाय सदोष यंत्रावरील सराव निरुपयोगी ठरतो. एप्रिल २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एका कंपनीच्या ९० वैमानिकांना प्रशिक्षणातील त्रुटींमुळे बोइंग ७३७ मॅक्स चालविण्यास मनाई केली व त्यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले.

मर्यादा : २२ मे २०१० रोजी मंगळूर येथील अपघातात १५८ जणांचा मृत्यू झाला. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे आढळले की, सहवैमानिकाने विमान पुन्हा वर नेण्यास वारंवार सुचवूनही कप्तानाने उतरणे थांबविले नाही. कप्तान प्रवासात दीर्घकाळ झोपलेला होता, हेही नोंदले गेले. झोपेतून उठल्यानंतरचे मांद्य सिम्युलेटरमध्ये हुबेहूब निर्माण करता येत नाही. वरिष्ठाला वेळीच रोखण्याचा सराव मात्र दोघांना एकत्र बसवून देता येतो. अभ्यासक्रमात त्यास स्थान असले पाहिजे.

निष्कर्ष : सिम्युलेटरचे मूल्य ताशी दरावरून ठरत नाही, त्या तासात कोणत्या चुकीचा सराव झाला, यावरून ठरते. म्हणूनच या क्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना यंत्र मान्यताप्राप्त आहे काय, प्रशिक्षक कोण आहे आणि खर्च कोणावर पडणार आहे, हे तीन प्रश्न शुल्काच्या आकड्याआधी विचारण्याची सवय प्राध्यापकांनी लावणे आवश्यक ठरते.